मूल काय बघतं आहे : प्रस्तावना

पडद्यावर एक लाल सफरचंद आहे. त्याच्या आजूबाजूला काही निळी सफरचंदं आणि काही लाल उभट चौकोन विखुरलेले आहेत. समोर बसलेलं मूल अडीच वर्षांचं. "सफरचंद दाखव बरं" असं त्याला कुणी म्हणत नाही, कारण या वयाच्या कित्येक मुलांना तेवढी सूचनाही अजून समजत नाही. त्याची नजर कुठे जाते आणि किती वेळात जाते, एवढंच एक कॅमेरा टिपत असतो. झूझा काल्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑटिझम असलेली मुलं सफरचंद हुडकण्यात बाकीच्या मुलांपेक्षा सरस ठरली, आणि पडद्यावरची गर्दी वाढत गेली तसा हा फरक जास्त दिसला.

आता अशाच एखाद्या मुलाची दवाखान्यातली फाइल उघडा. नजरेला नजर देत नाही. हाक मारली तरी बघत नाही. बोट दाखवलं तर तिकडे बघत नाही. ही तिन्ही वाक्यं खरी असतात आणि निदानासाठी ती लागतातच. पण ती वाचून आईबापांच्या मनात उरते ती एक रिकामी नजर. जागेपणी मुलाची नजर कुठे ना कुठे असतेच. ती कुठे आहे, तिथे त्याला काय मिळतं, आणि तिथून आपल्याला त्याच्यापर्यंत पोचता येईल का, हा या पुस्तकाचा विषय आहे. पालक, बालवाडीच्या ताई आणि गावोगावचे बालरोगतज्ज्ञ डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे. दर फाइलमध्ये 'काय बघत नाही' याच्या खाली 'काय बघतो' अशी एक ओळ लिहिली जावी, एवढा बदल या पुस्तकाने घडला तरी मला ते फार मोठं काम वाटेल.

ही ओळ अगदी सुरुवातीला लिहिली गेलेली होती, हे आपण विसरून गेलो आहोत. बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि ऑटिझमला वैद्यकात ओळख मिळाली. त्या लेखातून लोकांनी उचललं ते एकटेपण आणि तेच-ते करण्याचा हट्ट. पण कॅनर यांनी त्या मुलांच्या नजरेबद्दलही बारकाईने लिहिलं आहे. ठोकळ्यांची एखादी रास, जिला आपल्या लेखी काही आकार नाही, ती काही दिवसांनी ही मुलं जशीच्या तशी पुन्हा मांडत. प्रत्येक ठोकळ्याची जी रंगीत बाजू आधी वर होती, तीच पुन्हा वर येई. आपल्याला पसारा दिसतो तिथे त्या मुलाला नेमकी मांडणी दिसलेली असते. घरात पाहुणे येणार म्हणून आईने सोफा थोडा सरकवला आणि मुलाने आकांत मांडला, ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. त्या आकांतामागे हीच नजर आहे.

कॅनरनंतर चाळीस वर्षांनी या नजरेची रीतसर परीक्षा झाली. १९८३ मध्ये लंडनमध्ये अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी ऑटिझम असलेल्या मुलांना लपलेली आकृती शोधायला दिली. बाबागाडीसारख्या एखाद्या चित्राच्या रेषांत एक त्रिकोण दडलेला असतो, तो बोटाने दाखवायचा. आपल्याला आधी बाबागाडी दिसते आणि त्रिकोण तिच्यात हरवून जातो. ही मुलं त्रिकोण पटकन काढून दाखवत. दहा वर्षांनी याच दोघींनी ठोकळ्यांची चाचणी घेतली. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांनी कागदावरची नक्षी जुळवायची, अशी ही चाचणी. त्यात ऑटिझम असलेली मुलं पुढे होती. मग नक्षीचे तुकडे आधीच सुटे करून दाखवले, तेव्हा बाकीच्या मुलांचा वेग वाढला आणि अंतर जवळजवळ मिटलं. नक्षी मनात फोडून बघायला बाकीच्यांना जे कष्ट पडतात, ते या मुलांना पडत नाहीत, असा त्याचा अर्थ.

ठोकळ्यांची ही चाचणी आपल्याला परकी नाही. नागपूरच्या डॉ. मॅलिन यांनी वेक्सलरच्या बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप तयार केलं आणि ते आजही महाराष्ट्रात शाळेच्या दाखल्यांपासून अपंगत्वाच्या प्रमाणपत्रापर्यंत अनेक कामांसाठी वापरलं जातं. त्यात ठोकळ्यांची नक्षी आहे. शब्दांच्या भागात मूल तळाला आणि ठोकळ्यांत वयाच्या बरोबरीने किंवा पुढे, असे अहवाल मी बघितले आहेत. खाली एकच सरासरी बुद्ध्यंक लिहिलेला असतो आणि सगळी चर्चा त्या एका आकड्यावर होते. माझी पालकांना विनंती आहे की अहवाल हातात आला की प्रत्येक भागाचे गुण वेगवेगळे विचारून घ्यावेत. त्या चढउतारात तुमच्या मुलाची खरी माहिती असते.

या प्रयोगांवरून उटा फ्रिथ यांनी एक मोठी मांडणी केली. आपलं मन सुट्या तपशिलांतून आपोआप एक अर्थपूर्ण चित्र बांधत असतं. ऑटिझममध्ये ही ओढ कमी असते, असं त्यांनी १९८९ च्या पुस्तकात म्हटलं. माँट्रियलचे लॉरां मोट्रों यांनी त्याच पुराव्याकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं. त्यांच्या मते इथे कमतरता शोधण्याचं कारण नाही. तपशील टिपण्याची यंत्रणाच जास्त तल्लख आहे. बरीच वर्षं हा वाद चालला. पुढे २०१५ मध्ये पन्नासहून अधिक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दोन्ही टोकं जरा बोथट झाली. ऑटिझम असलेल्या माणसांना पूर्ण चित्र दिसतंच, फक्त तपशील आड येत असतील तर त्यांना ते जुळवायला जास्त वेळ लागतो, असं त्यात दिसलं. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण त्याचा वर्गात थेट उपयोग होतो. चित्र दाखवून लगेच "काय आहे?" असं विचारणारी ताई आणि चित्र दाखवून थोडी थांबणारी ताई यांना एकाच मुलाकडून वेगवेगळी उत्तरं मिळतील. आपल्या बालवाड्यांत थांबायला वेळ नसतो. चित्राखाली शब्द, कोपऱ्यात फुलपाखरू, भोवती नक्षीची चौकट असे तक्ते आपण मोठ्या हौसेने लावतो आणि ज्या मुलाला हे सगळं एकदम आणि सारख्याच ठळकपणे दिसतं, त्याच्याकडून मात्र नेमक्या मधल्या आंब्याचं नाव मागतो.

एका सवयीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिच्यावरून घराघरांत भांडणं होतात. चार वर्षांचा एक मुलगा आमच्या खेळघरात आला की फरशीवर गाल टेकून आडवा होतो, खेळण्यातली गाडी डोळ्यांपासून वीतभर अंतरावर पुढेमागे नेतो आणि मान वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिची चाकं बघतो. पंखा लावला की पंख्याकडे तसंच तिरकं बघणं. काही मुलं स्वतःची बोटं कानाजवळ हलवून त्यांच्याकडे अशी बघतात. आजी म्हणते, लक्ष देऊ नका, सुटेल. वडील म्हणतात, वाईट खोड आहे, हात धरा. मोट्रों आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पावणेतीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या या तिरक्या नजरेचा अभ्यास केला. हलणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत ती जास्त दिसते, असं त्यांना आढळलं. डोळ्याच्या मध्यभागाने बारीक तपशील दिसतो; कडेच्या भागाला तपशील कमी आणि हालचाल चांगली कळते. मूल तिरकं बघून तपशिलाचा मारा स्वतःच कमी करून घेत असावं आणि हालचालीची मजा तेवढी ठेवत असावं, असा त्यांचा तर्क आहे. तो पुरता सिद्ध झाला आहे असं मी म्हणणार नाही. पण या एका तर्काने त्या मुलाकडे बघण्याची माझी पद्धत बदलली. हात धरून थांबवण्याआधी मी आता त्याच्या शेजारी आडवी होते आणि दुसरी गाडी सोडते. कधी कधी तो माझ्या गाडीची चाकं बघतो. तिथून पुढे खेळ सुरू करता येतो.

मात्र तिरकं बघणारं प्रत्येक मूल एकदा नेत्रतज्ज्ञांना दाखवलंच पाहिजे. तिरळेपणा आणि चष्म्याचा नंबर या मुलांत इतरांपेक्षा जास्त आढळतो आणि ऑटिझमचं निदान झालं की डोळ्यांची साधी तपासणी राहून जाते. मूल बोलत नसलं तरी थेंब घालून नंबर काढता येतो.

माणसांच्या चेहऱ्याचा प्रश्न वेगळा आणि जास्त नाजूक आहे. अमी क्लिन आणि वॉरन जोन्स यांनी २००९ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना नुसत्या ठिपक्यांच्या हालचाली दाखवल्या. माणसाच्या सांध्यांवर दिवे लावून अंधारात चित्रण केलं की फक्त हलणारे ठिपके दिसतात, आणि तेवढ्यावरूनही माणूस चालतो आहे की नाचतो आहे हे आपण ओळखतो. पडद्याच्या एका बाजूला हे ठिपके सरळ आणि दुसऱ्या बाजूला उलटे, असं दाखवल्यावर बाकीची मुलं सरळ आकृतीकडे बघत राहिली. ऑटिझम असलेल्या मुलांना दोन्हींत तशी पसंती दिसली नाही. पण टाळ्या वाजवण्याच्या खेळाच्या चित्रफितीला एका मुलीची नजर एकदम खिळली. दोन ठिपके एकमेकांवर आदळतात आणि नेमका त्याच क्षणी आवाज येतो, हा मेळ तिला ओढत होता. आमच्या खेळघरात टाळ्या, डफली आणि टेबलावर थाप यांना इतकं महत्त्व का, ते वाचकाला इथे कळेल.

याच दोघांनी २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. पुढे ज्यांना ऑटिझमचं निदान झालं अशी बाळंही दोन महिन्यांची असताना माणसाच्या डोळ्यांकडे इतर बाळांसारखीच बघत होती. दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान त्यांचं ते बघणं हळूहळू ओसरत गेलं. म्हणजे ही ओढ जन्मतः नसते असं नाही. या शोधाने किती आयांच्या मनावरचं ओझं उतरवायला हवं होतं! "तो आधी माझ्याकडे बघायचा हो" असं सांगणाऱ्या आईला वर्षानुवर्षं "तुमचा भास असेल" असं उत्तर मिळालं आहे. तिचं निरीक्षण बरोबर असू शकतं.

डोळ्यांत बघायला भाग पाडण्याविषयी मी स्पष्टच लिहिते. हनुवटी धरून "माझ्याकडे बघ" म्हणायची पद्धत आपल्याकडे अजून घरोघर आणि काही उपचार केंद्रांतही चालते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चेहऱ्याच्या चित्रात डोळ्यांकडेच बघायला लावल्यावर ऑटिझम असलेल्या व्यक्तींच्या मेंदूत भीती आणि ताणाशी निगडित खोल भाग इतरांपेक्षा जास्त उत्तेजित झाले. माझ्या मते हनुवटी धरणं बंद व्हायला हवं. मूल तुमच्या हातातल्या फुग्याकडे बघत असेल तर फुगा हळूहळू तुमच्या तोंडाजवळ आणा. नजर आली तर आनंद, नाही आली तरी खेळ चालू राहू दे.

वरच्या सगळ्या प्रयोगांबद्दल एक सावधगिरी वाचकाने मनात ठेवावी. ही गटांची सरासरी आहे. कॅरेन पियर्स यांच्या २०११ च्या अभ्यासात, एकीकडे नाचणारी मुलं आणि दुसरीकडे हलती भौमितिक नक्षी असं दाखवल्यावर नक्षीकडे जास्त बघणारी ऑटिझमची मुलं सुमारे चाळीस टक्केच होती. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांनी तसं केलं नाही. आपलं मूल पंखा बघत नाही म्हणून त्याला ऑटिझम नाही, किंवा बघतं म्हणून आहे, असं घरी ठरवू नये. त्याचबरोबर या कामातली एक दिशा मला आपल्या देशासाठी फार आशेची वाटते. 'स्टार्ट' नावाच्या टॅबलेटवरच्या चाचणीत असेच नजरेचे आणि हाताचे छोटे खेळ आहेत. गोव्यात सुरू झालेली संगत ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक त्यात सहभागी होते. दिल्ली परिसरात दोन ते सात वर्षांच्या मुलांवर ती वापरून पाहिली गेली, तीही मुलांच्या घरी जाऊन, तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या हातून. तज्ज्ञांची भेट मिळायला महिनोन् महिने लागतात अशा जिल्ह्यांत याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको.

पुस्तकाचा दुसरा भाग सिनेस्थेशियाबद्दल आहे. एका संवेदनेबरोबर दुसरी आपोआप उमटणं, असं त्याचं स्वरूप. कुणाला अक्षरं आणि अंक रंगीत दिसतात, कुणाला सूर ऐकताना रंग दिसतात, कुणाच्या मनात प्रत्येक वाराचा रंग ठरलेला असतो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८० च्या दशकातच लिहून ठेवलं की हे घराण्यात चालतं. डब्लिनमधल्या एका अभ्यासात २००८ मध्ये सुमारे चाळीस टक्के लोकांनी आईवडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला तरी हे असल्याचं सांगितलं. रंग मात्र वारशाने येत नाहीत. लेखक व्लादिमीर नाबोकोव्ह यांना, त्यांच्या आईला, पत्नीला आणि मुलालाही अक्षरं रंगीत दिसत, पण सगळ्यांचे रंग सारखेच नव्हते. लहानपणी अक्षरांच्या ठोकळ्यांशी खेळताना नाबोकोव्ह यांनी रंग चुकले आहेत अशी तक्रार केली आणि आईला ती लगेच समजली, कारण तिलाही तसंच दिसत होतं. आपली तक्रार समजणारं घर मिळणं हे त्या मुलाचं केवढं भाग्य!

रंग येतात कुठून? काही जणांच्या बाबतीत त्याचा पत्ता थेट खेळण्यांच्या डब्यात लागला. अमेरिकेतल्या नेथन विटहॉफ्ट आणि जोनाथन विनावर यांनी अशी ११ माणसं शोधली, ज्यांच्या अक्षरांचे रंग फिशर-प्राइस कंपनीच्या फ्रिजवर चिकटवायच्या अक्षरांशी जवळजवळ तंतोतंत जुळत होते. त्याआधी त्यांना भेटलेल्या एका स्त्रीने तर ते रंग पुढे रशियन लिपीतही नेले होते. कुणाला सिनेस्थेशिया होईल हे बहुधा वारसा ठरवतो, पण त्यात कोणते रंग भरले जातील यावर बालपणी समोर असलेल्या वस्तूंचाही हात असतो. बाराखडीचे रंगीत तक्ते लावणाऱ्या आपल्या बालवाड्यांत हे बघण्यासारखं आहे.

मूल हे आपणहून सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. ज्युलिया सिमनर यांनी इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या प्राथमिक शाळांत सहा-सात वर्षांच्या सहाशेहून अधिक मुलांना अक्षर आणि अंक दाखवून रंग निवडायला सांगितले, लगेच पुन्हा विचारलं आणि वर्षाने परत विचारलं. ज्यांची उत्तरं टिकली त्या मुलांतही सगळी अक्षरं पक्की नव्हती. वर्षाला साधारण सहा-सात अक्षरांचे रंग नव्याने पक्के होत होते. म्हणून सहा वर्षांच्या मुलीने आज 'पाच हिरवा आहे' म्हटलं आणि सातबद्दल गोंधळली, तर ती थापा मारते असं समजू नये.

दोन विषय एका पुस्तकात का, हा प्रश्न रास्त आहे. ऑटिझममध्ये मदत लागते, कधी आयुष्यभर लागते. सिनेस्थेशिया हा आजार नाही आणि त्याला उपचार नकोत. तरी दोन्हींचे धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात. सायमन बॅरन-कोहेन यांच्या २०१३ च्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या प्रौढांपैकी सुमारे १९ टक्क्यांनी सिनेस्थेशिया असल्याचं सांगितलं. इतरांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होतं. २००९ मध्ये ४३ कुटुंबांच्या जनुकीय तपासणीत, आवाजाबरोबर रंग दिसण्याचा संबंध दुसऱ्या गुणसूत्राच्या अशा एका भागाशी लागला, जो ऑटिझमच्या अभ्यासांतही पुढे आला होता. जेमी वॉर्ड यांना सिनेस्थेशिया असलेल्या लोकांत प्रकाश आणि आवाज असह्य होण्याच्या ऑटिझमसारख्याच तक्रारी आढळल्या. यावरून दोन्ही एकच आहेत असं कुणी समजू नये. एकच जनुक शोधून काढण्याची आशाही फोल ठरली आहे. पण ज्या मुलाला ट्यूबलाइटची फडफड सहन होत नाही, त्याला शब्द सापडले तर तो कदाचित रंगांबद्दलही काही सांगेल. विचारून बघायला हरकत नाही. विचारताना एवढंच जपावं की "तुला पाच लाल दिसतो का?" असं उत्तर तोंडात देऊ नये. रंगांची पेटी पुढे ठेवावी, अंक दाखवावा आणि गप्प बसावं.

पालकांना शेवटी काही कामं सांगते. आठवडाभर एका वहीत लिहा: मूल काय बघतं, किती वेळ, कोणत्या उजेडात, कोणत्या कोनातून. मोबाइलवर दोन-तीन छोटी चित्रणं करा. डोळे आणि कान दोन्ही तपासून घ्या. आणि "मुलगे उशिराच बोलतात" या शेजारच्या सल्ल्यावर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणीला येतात आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी म्हणून ओळखली जाणारी केंद्रं आहेत. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. डीईआयसी केंद्रांत तपासणी मोफत होते. वही बरोबर घेऊन जा आणि ती डॉक्टरांना वाचायला लावा.